शोधनिबंध कोठे पाठवावा? : संशोधनपत्रिकांच्या प्रतवारीचा विचार

संशोधन हे महाविद्यालयातील अध्यापकांचे व पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे काम, आपण चिकित्सकांनी रुग्ण पाहावेत, ही समजूत आता मागे पडू लागली आहे. खेड्यात व्यवसाय करणारे वैद्यही रुग्णालेख लिहितात, चार-दोन यशस्वी चिकित्सांची नोंद कोठेतरी छापून यावी अशी इच्छा बाळगतात. औषधी निर्मात्यांनाही आपल्या कल्पाविषयी ‘प्रकाशित संशोधन’ हवे असते. ही इच्छा ओळखूनच की काय, दर आठवड्याला आपणा सर्वांच्या ई-मेलवर निमंत्रणे येतात : तीन दिवसांत प्रकाशन, आंतरराष्ट्रीय पत्रिका, इम्पॅक्ट फॅक्टर सात, प्रमाणपत्र मोफत. आम्हांस आलेल्या अशा एका पत्रात ‘आपल्या दंतशस्त्रक्रियेतील थोर कार्यास’ वंदन केलेले होते. वरवट बकालमधील आमच्या चिकित्सालयात दातांची चिकित्सा दंतमंजनापलीकडे जात नाही. पत्र पाठविणाऱ्याने आमचे नाव वाचले होते, काम नव्हे. जो निमंत्रण देताना वाचत नाही तो निबंध स्वीकारताना तरी वाचेल काय, हा प्रश्न त्याच वेळी मनात यावयास हवा.

प्रस्तुत लेखात संशोधनपत्रिकांची प्रतवारी कशी ठरते, त्या आकड्यांचा अर्थ काय व अनर्थ कोणता, आणि आपल्यासारख्या चिकित्सकाने व औषधी निर्मात्याने आपला निबंध कोठे द्यावा, याचा ऊहापोह करावयाचा आहे.

हा विचार आपल्या शास्त्राला नवा नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायाचा प्रारंभच शास्त्रपरीक्षेने होतो. वैद्यांची नानाविध शास्त्रे लोकात प्रचलित आहेत. त्यांपैकी कोणते अध्ययनासाठी निवडावे, हे आचार्य सांगतात. आप्तांनी मान्य केलेले, थोर विद्वानांनी अनुसरलेले, पुनरुक्तिदोषरहित, अर्थसंपन्न असे तंत्र निवडावे, असा त्याचा आशय आहे. त्याच अध्यायात पुढे तद्विद्यसंभाषा येते. त्याच विद्येच्या जाणकाराशी केलेली चर्चा संशयाचे निराकरण करते. आजच्या पत्रिका ज्याला पीअर रिव्ह्यू म्हणतात, म्हणजे निबंध छापण्यापूर्वी त्या विषयाच्या दोन-तीन तज्ज्ञांकडून होणारे परीक्षण, त्याचे मर्म याहून वेगळे नाही. ज्या पत्रिकेत ही संभाषा होत नाही ती पत्रिका म्हणजे केवळ छापखाना होय.

आकड्याचा जन्म व अर्थ

इम्पॅक्ट फॅक्टर ही कल्पना अमेरिकेतील युजीन गारफिल्ड यांची. फिलाडेल्फियातील आपल्या संस्थेत त्यांनी १९६४ पासून विज्ञानातील संदर्भोल्लेखांची सूची प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. कोणत्या पत्रिका सूचीत घ्याव्यात, हे ठरविण्यासाठी हे माप उपयोगी पडले. पुढे ग्रंथपालांनी पत्रिकांच्या खरेदीसाठी ते वापरले. निबंधाची किंवा संशोधकाची योग्यता मोजण्यासाठी ते निर्माण झालेले नव्हते. आज हे काम क्लॅरिव्हेट ही कंपनी करते व दरवर्षी साधारणतः जून महिन्यात नवे आकडे जाहीर होतात.

गणित अगदी सोपे आहे. समजा, एका त्रैमासिकाने २०२२ व २०२३ या दोन वर्षांत मिळून ८० निबंध छापले. त्या ८० निबंधांचा उल्लेख २०२४ मध्ये अन्य निबंधांत १२० वेळा झाला. १२० ला ८० ने भागले असता १.५ येतात, तो त्या पत्रिकेचा २०२४ चा इम्पॅक्ट फॅक्टर. परंतु या १२० उल्लेखांपैकी ७० उल्लेख एकट्या दोन निबंधांचे असू शकतात आणि चाळीसेक निबंधांचा कोणी एकदाही उल्लेख केलेला नसेल. ही सरासरी पत्रिकेची आहे. गावातील सरासरी उत्पन्नावरून एखाद्या घराची श्रीमंती ठरत नाही, तसेच हे आहे.

दुसरी गोष्ट विषयाची. ज्या विषयात जगभर लाखो संशोधक आहेत तेथे उल्लेख अधिक होतात. अमेरिकेतील कर्करोगाची वार्षिक आकडेवारी छापणाऱ्या एका पत्रिकेचा इम्पॅक्ट फॅक्टर दोनशेच्याही वर गेलेला आहे, कारण कर्करोगावर लिहिणारा प्रत्येक जण ती आकडेवारी उद्धृत करतो. आयुर्वेदाच्या चांगल्या पत्रिकांचे आकडे त्या मानाने लहानच राहणार. म्हणून विषयांतर्गत तुलना करण्यासाठी चतुर्थकाची पद्धत आली. एका विषयातील सर्व पत्रिका आकड्यानुसार उतरत्या क्रमाने लावून चार समान भाग करावयाचे. पहिला भाग तो क्यू-वन, शेवटचा तो क्यू-फोर. एल्सेव्हिअरच्या स्कोपस या सूचीतही अशीच मापे आहेत. एकाच पत्रिकेचे नाव एका विषयात पहिल्या चतुर्थकात व दुसऱ्या विषयात तिसऱ्या चतुर्थकात असू शकते, हे ध्यानी घ्यावे. ‘आमची पत्रिका क्यू-वन’ असे कोणी म्हणाल्यास कोणत्या सूचीत, कोणत्या विषयात व कोणत्या वर्षी, हे तीन प्रश्न विचारावेत.

वर्षाचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, कारण प्रत टिकतेच असे नाही. ‘एव्हिडन्स-बेस्ड कॉम्प्लिमेंटरी अँड आल्टर्नेटिव्ह मेडिसिन’ ही पत्रिका ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या प्रकाशनाने २००४ साली सुरू केली, २०११ पासून ती हिंदावी या प्रकाशकाकडे गेली. वनौषधींवर काम करणाऱ्या अनेक भारतीय संशोधकांचे निबंध तीत आले. मार्च २०२३ मध्ये क्लॅरिव्हेटने हिंदावीच्या ज्या पत्रिकांना आपल्या सूचीतून वगळले त्यांत तिचाही समावेश होता. बनावट परीक्षणांच्या आधारे छापलेले आठ हजारांहून अधिक निबंध त्या एका वर्षात हिंदावीने मागे घेतले, आणि मूळ कंपनी वायलीने हिंदावी हे नावच बंद करण्याचे ठरविले. तेथे प्रामाणिकपणे निबंध दिलेल्या लेखकांचा यात काहीच दोष नव्हता. तरीही पत्रिकेची कीर्ती गेली की निबंधाकडे पाहण्याची दृष्टीही बदलते.

सूचीतील नावे व त्यांची गल्लत

पत्रिकेच्या मुखपृष्ठावरील शब्दांपैकी सर्वाधिक फसवा शब्द आयएसएसएन. तो आठ अंकी क्रमांक असून भारतात दिल्लीच्या राष्ट्रीय विज्ञान ग्रंथालयातून मिळतो. क्रमांकाने नियतकालिकाचे शीर्षक ओळखता येते, एवढेच. वाहनाच्या नोंदणी क्रमांकावरून चालकाचे कौशल्य कळत नाही.

‘पबमेड’चेही तसेच. पबमेड हे अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाचे शोधद्वार आहे. त्यामागे मेडलाइन ही निवडक पत्रिकांची सूची आहे, तसेच पबमेड सेंट्रल हे पूर्ण निबंधांचे भांडारही आहे. मेडलाइनमध्ये येण्यासाठी पत्रिकेची स्वतंत्र छाननी होते. भांडारात मात्र अमेरिकन शासनाच्या निधीतून झालेला एखादा निबंध, तो सामान्य पत्रिकेत आलेला असला तरी, जमा होऊ शकतो. आणि त्या एका निबंधाच्या बळावर ती पत्रिका ‘पबमेड इंडेक्स्ड’ अशी पाटी लावते. गूगल स्कॉलर तर संगणकाने आपोआप गोळा केलेले संकलन आहे, तेथे निवड अशी होतच नाही. याखेरीज ‘ग्लोबल इम्पॅक्ट फॅक्टर’, ‘युनिव्हर्सल इम्पॅक्ट फॅक्टर’ अशा नावांचे आकडे अनेक पत्रिका मिरवतात. त्यांचा क्लॅरिव्हेटशी काडीचाही संबंध नाही.

या गोंधळाचे मोजमाप आपल्या महाराष्ट्रातच झाले, हे विशेष. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१७ मध्ये मान्य पत्रिकांची यादी जाहीर केली. तीत संशयास्पद पत्रिका शिरल्याचे दिसून आल्यावर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील डॉ. भूषण पटवर्धन, डॉ. शुभदा नगरकर, डॉ. श्रीधर गद्रे व त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास करून तो मार्च २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध केला. विद्यापीठांच्या शिफारशीवरून यादीत आलेल्या ५६९९ पत्रिकांतून १३३६ पत्रिका यदृच्छेने निवडल्या. स्कोपस वा वेब ऑफ सायन्समध्ये असलेल्या ३२७ वगळून उरलेल्या १००९ पत्रिका तपासल्या. सुमारे ३४.५ टक्के पत्रिकांचा पत्ता, संकेतस्थळ वा संपादकांची नावे यांसारखी मूलभूत माहितीच चुकीची होती किंवा मिळत नव्हती. आणखी ५२.३ टक्के पत्रिकांनी आयएसएसएन, इम्पॅक्ट फॅक्टर वा सूचींबाबत खोटी माहिती दिलेली होती, किंवा त्यांच्या संपादकांची पात्रता यथातथाच होती. या व अन्य कारणांनी मिळून ८८ टक्क्यांहून अधिक पत्रिका निकृष्ट ठरल्या. डॉ. पटवर्धन हे आयुर्वेदक्षेत्राला सुपरिचित आहेत. ‘जर्नल ऑफ आयुर्वेद अँड इंटिग्रेटिव्ह मेडिसिन’ या २०१० साली सुरू झालेल्या पत्रिकेचे ते संस्थापक संपादक.

मे २०१८ मध्ये आयोगाने ४३०५ पत्रिका यादीतून काढल्या. पुढे जून २०१९ मध्ये पुणे विद्यापीठाच्या साहाय्याने ‘यूजीसी-केअर’ ही नवी यादी आली. तीही फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने बंद केली व पत्रिका निवडण्याची जबाबदारी मार्गदर्शक निकष देऊन संस्थांवर व संशोधकांवरच सोपविली. यास्तव ‘यूजीसी मान्यताप्राप्त’ असा शिक्का आजही मिरवणारी पत्रिका दिसल्यास सावध व्हावे. शासनाची यादी पाहून डोळे मिटून निबंध देण्याची सोय आता उरलेली नाही, आणि आमच्या मते ती कधीच फारशी विश्वसनीय नव्हती.

परीक्षण न करता छापण्याचा व्यवहार किती सर्रास चालतो, हे ‘सायन्स’ या नियतकालिकाने ऑक्टोबर २०१३ मध्ये दाखविले. जॉन बोहानन या पत्रकाराने शैवालसदृश दगडफुलापासून, म्हणजे आपल्या शैलेयाच्या कुळातील वनस्पतीपासून, कर्करोगनाशक द्रव्य मिळाल्याचा जाणूनबुजून ढोबळ चुका भरलेला बनावट निबंध ३०४ पत्रिकांना पाठविला. १५७ पत्रिकांनी तो स्वीकारला. हैदराबादच्या ओमिक्स या प्रकाशनसमूहास तर लेखकांची दिशाभूल केल्याबद्दल २०१९ मध्ये अमेरिकेच्या न्यायालयाने पाच कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश दिला. वनौषधी, कर्करोग, मधुमेह हे विषय अशा पत्रिकांना विशेष प्रिय आहेत, यात आपल्या क्षेत्राने काय समजावयाचे ते समजावे.

हानी कोणाची?

काही जण म्हणतील, दोन-तीन हजार रुपये गेले तर गेले, निबंध छापून तर आला. आमचे मत याहून भिन्न आहे. एकदा छापलेला निबंध अन्य पत्रिकेत देता येत नाही. तसे करणे हा दुबार प्रकाशनाचा दोष ठरतो. ते संकेतस्थळ वर्ष-दोन वर्षांत बंद पडले की निबंधही नाहीसा होतो. म्हणजे वैद्याने दहा वर्षे पाहून नोंदविलेले निरीक्षण नष्ट होते, आणि ते पुन्हा मांडण्याचा मार्गही बंद होतो.

आपल्या परिसराकडेच पाहावे. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला आहे. संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांतील खाऱ्या पाण्याचा व मूत्रपिंडाच्या विकारांचा प्रश्न अनेक वर्षे चर्चेत आहे. येथील वैद्याच्या नित्य पाहण्यात मूत्रकृच्छ्र, अश्मरी, शोथ यांचे जे रुग्ण येतात ते पुण्या-मुंबईच्या वैद्याला क्वचितच दिसतील. डिसेंबर २०२४ व जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत अचानक केसगळतीचे रुग्ण निघाले, तेव्हा देशभरातील तज्ज्ञ इकडे आले. त्या रुग्णांना प्रथम पाहिले ते गावोगावच्या डॉक्टर-वैद्यांनी. अशा वेळी लक्षण कोणत्या दिवशी सुरू झाले, आहार काय, पाणी कोणत्या विहिरीचे, या नोंदी ज्याने ठेवल्या त्याच्या वहीला मोल आहे. ती नोंद कोठे छापली जाते, यावर ती पुढच्या अभ्यासकास सापडेल की नाही हे ठरते.

ग्रामीण चिकित्सकाला मोठ्या पत्रिका उभे करीत नाहीत, ही तक्रार आपल्या बैठकांत नेहमी ऐकू येते. त्यावर डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे उदाहरण पुरेसे आहे. ते आधुनिक वैद्यकाचे. रायगड जिल्ह्यात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना लाल विंचवाच्या दंशाने दगावणारे रुग्ण त्यांनी पाहिले. हृदयावरील परिणामांची लक्षणे नोंदवून त्यांनी ती १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडली, प्राझोसिन या औषधाच्या उपयोगाविषयीचा निबंधही तेथेच १९८६ मध्ये आला. २०११ मध्ये पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह केलेली ७० रुग्णांवरील चिकित्साचाचणी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापली. त्यांच्यापाशी विद्यापीठ नव्हते, प्रयोगशाळा नव्हती. प्रश्न स्थानिक होता, नोंदी अखंड होत्या. केसगळतीच्या प्रसंगी सेलेनियमकडे लक्ष वेधणारेही तेच.

निवड कशी करावी

प्रथम आपला वाचक ठरवावा. रुग्णालेख असेल, निदान व चिकित्सेची मांडणी दोष-दूष्य-स्रोतस यांच्या परिभाषेत असेल, तर तो आयुर्वेदाच्याच पत्रिकेत द्यावा. तेथील परीक्षकास संप्राप्तिविघटन म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. जामनगरच्या आयुर्वेद अध्यापन व संशोधन संस्थेची ‘आयु’, केंद्रीय आयुर्वेदीय विज्ञान संशोधन परिषदेची ‘जर्नल ऑफ रिसर्च इन आयुर्वेदिक सायन्सेस’, वर उल्लेखिलेली डॉ. पटवर्धन यांनी सुरू केलेली पत्रिका, या प्रथम पाहाव्यात. आदिवासी वा ग्रामीण वनौषधींच्या परंपरागत उपयोगाची नोंद असेल तर दिल्लीहून निघणारी ‘इंडियन जर्नल ऑफ ट्रॅडिशनल नॉलेज’ योग्य; सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपणास हा विषय दाराशीच उपलब्ध आहे. द्रव्याच्या गुणकर्मावर प्रयोगशाळेतील काम असेल तरच ‘जर्नल ऑफ एथ्नोफार्माकॉलॉजी’सारख्या पत्रिकेचा विचार करावा.

त्यानंतर त्या पत्रिकेचे मागील चार अंक वाचावेत. हा सल्ला क्षुल्लक वाटेल, पण याइतकी अचूक परीक्षा दुसरी नाही. एकाच अंकात पंचकर्म, सिमेंटची ताकद व बँकांचे व्यवस्थापन असे निबंध शेजारी-शेजारी असतील तर ती पत्रिका बाजूला ठेवावी. संपादक मंडळातील दोघांची नावे त्यांच्या संस्थेच्या संकेतस्थळावर शोधावीत. त्यांना पत्र लिहून विचारण्यातही संकोच नको. स्कोपस व क्लॅरिव्हेट यांच्या पत्रिकासूची विनामूल्य पाहता येतात. पत्रिकेच्या पानावरील दावा तेथे जाऊन पडताळावा. नामांकित पत्रिकेच्या नावाने हुबेहूब बनावट संकेतस्थळ काढण्याचे प्रकारही घडतात, म्हणून पत्ता मूळ संस्थेच्या पानावरूनच घ्यावा. शुल्क घेणे हा स्वतः दोष नव्हे, कित्येक उत्तम पत्रिका ते घेतात. परंतु रक्कम, ती केव्हा व कशासाठी, हे आधीच स्पष्ट छापलेले असावे. निबंध स्वीकारल्यावर प्रथमच पैशाची गोष्ट निघाली तर तेथेच थांबावे.

औषधी निर्मात्यांसाठी

फार्मसीधारकांना या विषयाशी काय कर्तव्य, असे वाटण्याचे कारण नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीत २०१० साली समाविष्ट झालेल्या नियम १५८-ब नुसार आयुर्वेदीय औषधांच्या परवान्यासाठी औषधाच्या प्रकारानुसार प्रकाशित साहित्य, सुरक्षितता व परिणामकारकता यांचे पुरावे मागितले जातात. पेटंट वा प्रोप्रायटरी कल्पाच्या बाबतीत हा प्रश्न प्रकर्षाने येतो. तीन दिवसांत छापून आलेला निबंध जोडून कागद पूर्ण होतात, पण उद्या त्याच कल्पावर आक्षेप आला तर त्या निबंधाचा आधार क्षणभरही टिकणार नाही. शिवाय १९५४ च्या जादूटोणासदृश उपाय व आक्षेपार्ह जाहिराती विषयक कायद्यात नमूद केलेल्या व्याधींविषयी जाहिरात करण्यास प्रकाशित निबंध हा परवाना ठरत नाही, हेही विसरू नये. निर्मात्याने चिकित्सकाला औषध पुरवून अभ्यास करविला असेल तर ते निबंधात स्पष्ट लिहावे. लपविल्याने निबंध संशयास्पद होतो. सांगितल्याने होत नाही.

लेखणी हाती घेण्यापूर्वी

चांगली पत्रिका निबंध परत पाठविते तो बहुधा भाषेसाठी नव्हे. चिकित्साचाचणी असेल तर ती भारतीय चिकित्साचाचणी नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये, पहिला रुग्ण घेण्यापूर्वी नोंदलेली असावी. १ एप्रिल २०१८ पासून तेथे पूर्वनोंदणीच स्वीकारली जाते. नोंदणीस शुल्क नाही. आचारसमितीची अनुमती लागते. स्वतंत्र चिकित्सकाने जवळच्या आयुर्वेद महाविद्यालयातील अध्यापकास सहलेखक करून घेतल्यास हा मार्ग सुकर होतो. एकट्या रुग्णाचा वृत्तांत असेल तर रुग्णाची लेखी संमती घ्यावी व २०१३ च्या ‘केअर’ या रुग्णालेख-मार्गदर्शिकेनुसार लेखन करावे. यूजीसीच्या यादीशी तिचा केवळ नामसाधर्म्याचा संबंध आहे. औषधाचे नाव ‘चंद्रप्रभा दोन गोळ्या’ एवढेच लिहून भागत नाही. ग्रंथाधार, घटकांची वनस्पतिशास्त्रीय नावे, निर्माता, तुकडी क्रमांक, मात्रा, अनुपान, काल व पथ्य हे सर्व हवे. रसौषधी असेल तर धातूंच्या परीक्षणाचा अहवाल जोडावा. परीक्षक तो मागणारच.

परीक्षणाला तीन-चार महिने, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. निबंध नाकारला गेला तर परीक्षकांची टिपणे वाचून दुरुस्ती करावी व दुसऱ्या पत्रिकेकडे पाठवावा. एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवू नये. निबंध इंग्रजीत प्रसिद्ध झाल्यावर त्याचे मराठी रूप आपल्या त्रैमासिकात देता येते. वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या नियमांनुसार दोन्ही संपादकांची अनुमती व मूळ प्रकाशनाचा स्पष्ट उल्लेख असल्यास ते दुबार प्रकाशन मानले जात नाही. तशी अनुमती मागणारे पत्र मूळ निबंध स्वीकारल्याचे कळताच पाठवून द्यावे, म्हणजे मराठी लेखासाठी वेगळा काळ थांबावे लागत नाही.